नरक्याची साल

खानापूर तालुक्यातल्या आमच्या जांबोटीत पावसाचे चार महिने काही वाळत नाही. चुलीच्या वर आडवी काठी बांधलेली असते, तिच्यावर कपडे टाकायचे आणि धुराचा वास लागलेले, अर्धे ओले तसेच अंगात घालायचे. रोप लावायला चिखलात उतरणाऱ्या बायकांच्या पायांना चिखल्या होतात. आजी सकाळी शेतात उतरण्याआधी पायाला कोकमाचं तेल चोळायची. तेल म्हणायचं, पण असतो तो फिकट पिवळसर घट्ट गोळा. कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढून घ्यायचा आणि थंड झाला की हातानं वळायचा. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की त्यालाच भिरंडेल म्हणतात. निखाऱ्याजवळ धरला की गोळा पाझरतो. तेल चोळून झालं की आजी पायावर तांब्यानं थोडं पाणी ओतून बघायची. पाणी ठरायचं नाही, थेंब होऊन घरंगळायचं. "बसलं आता," म्हणायची आणि निघायची.

एम.एस्सी.ला सरांनी फळ्यावर सी-एटीन कॉलमचं चित्र काढलं तेव्हा मला आजीचे पाय आठवले. वर्गात हसू येण्यासारखं काही नव्हतं, पण मला आलं. सिलिकाचा एक गोल कण, त्याच्या अंगावर केसांसारख्या उभ्या केलेल्या अठरा कार्बनांच्या साखळ्या. कोकमाच्या तेलात निम्म्याहून जास्त असतं ते स्टिअरिक आम्ल, आणि त्याची साखळीही बरोबर अठरा कार्बनांची. म्हणजे हजारो रुपये मोजून परदेशातून मागवायच्या त्या स्टीलच्या नळीत होतं काय, तर तेल चोळलेली वाळू. सरांना हे सांगितलं नाही. तेव्हा सांगायची हिंमत नव्हती.

सिलिका मुळात पाण्याची ओढ असलेली. पावडर उघडी ठेवली तर आमच्या जांबोटीच्या हवेत तासाभरात ओल धरते. जुन्या पद्धतीत ती तशीच नळीत भरायची आणि तिच्यातून तेलकट द्रावण सोडायचं. पाण्याशी सलगी असलेली द्रव्यं सिलिकाला चिकटून मागे राहतात, तेलकट द्रव्यं पुढे पळतात. मिखाईल त्स्वेतनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानातली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीतून पेट्रोलियम ईथर ओतून वेगळी केली, तेव्हा पिवळं कॅरोटीन सगळ्यात आधी बाहेर आलं आणि हिरवं मागे अडकलं. १९०६ साली त्यानं या कामाला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असं नाव दिलं. आता तीच पानं वाटून सी-एटीनच्या नळीत घाला. कॅरोटीन सगळ्यात शेवटी येतं. कण तेलकट झाला, वाहतं द्रावण पाणीदार झालं आणि रांग उलटी झाली. म्हणून रिव्हर्स फेज.

पहिल्यांदा हे कोणी केलं ते मी खूप नंतर वाचलं. इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघे लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करण्याच्या खटपटीत होते. १९४१ साली त्यांनी पार्टिशन क्रोमॅटोग्राफी मांडली आणि १९५२ साली दोघांना नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९५० साली, मार्टिननं हॉवर्ड नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक निबंध लिहिला. कीझेलगूर नावाच्या मातकट भुकटीला एका सिलिकॉन संयुगाची वाफ देऊन त्यांनी ती अशी केली की पाण्यानं भिजेना. मग तिच्यावर पातळ पॅराफिन बसवलं आणि पाणीदार द्रावण सोडून बारा ते अठरा कार्बनांची मेदाम्लं एकामागून एक वेगळी काढली. मेदाम्लं! म्हणजे या पद्धतीनं जगात पहिल्यांदा जे वेगळं केलं, ते आजीच्या गोळ्यातलंच सामान. अशा वेळी घरी फोन करावासा वाटतो, पण आजी तोवर गेली होती.

पॅराफिन नुसतं बसवलेलं, त्यामुळे ते हळूहळू धुऊन जायचं. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीपासून ती साखळी सिलिकाला रासायनिक बंधानं कायमची जोडायला लागले, तेव्हा कुठे ही पद्धत कारखान्यात वापरण्याजोगी झाली. आज औषधाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, दहापैकी बहुतेक कॉलम सी-एटीन किंवा त्याचे भाऊबंद. नाव मात्र अजून 'उलट'च. घरात धाकटी म्हणून आलेली सून म्हातारी झाली, कारभारीण झाली, तरी तिला धाकटीच म्हणतात, तसं.

यातली एक गोष्ट मला समजायला वेळ लागला. आम्ही सगळे म्हणायचो, तेलकट द्रव्य तेलकट साखळीला चिकटतं. येल विद्यापीठात चाबा होर्वात आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली याची नीट मांडणी केली, तिचा रोख वेगळा आहे. साखळी कुणाला फारसं ओढत नाही. पाणीच त्या द्रव्याला बाहेर ढकलतं. पाण्याला आपल्या रेणूंची आपसातली गुंफण मोडायची नसते. मधे घुसलेला तेलकट रेणू त्याला नकोसा होतो आणि तो बिचारा साखळ्यांच्या आडोशाला जाऊन बसतो. मग पाण्यात मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल वाढवलं की पाण्याची तक्रार कमी होते आणि रेणू आडोसा सोडून चालू लागतो. पावसात लोक एसटीच्या शेडखाली गर्दी करतात ते शेडच्या प्रेमानं थोडंच?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी नरक्याचं झाड निवडलं. निवडलं म्हणण्यापेक्षा ते घराजवळ होतं. जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात, चोर्ल्याकडे आणि इकडे आंबोली, राधानगरीच्या रानात तो आहे. झाड लहानसं, दिसायला साधं. फुलं पावसाळ्यात येतात आणि त्यांच्या वासावरूनच नाव पडलं असणार, असं वास घेतलेल्या कुणालाही वाटेल. या नावावरून खरं तर त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये, पण त्याच्या लाकडात आणि सालीत कॅम्टोथेसिन असतं. हे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधलं. मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव होतं, गाव नव्हतं. कर्करोगावर वापरतात त्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या औषधांचं मूळ हेच द्रव्य. आणि १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करणारे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे. त्यानंतर नरक्याचे दिवस फिरले. ट्रक भरून चोरटी तोड झाली. म्हणून मी वनखात्याचा कागद खिशात घेऊनच फिरायचो, तरी नाक्यावर दोनदा पिशवी उघडायला लावली.

साल काढायला सोबत गवळीवाड्यावरचे आबा होते. म्हशी राखण्यात जन्म गेलेला, रान तोंडपाठ. मी कोयता लावला की हात धरायचे. "आरं, सगळीकडनं सोलू नको की. एका अंगानं काढ. मरतंय ते." पोक्त झाड कुठलं, कोवळं कुठलं, हे ते सालीवर नख मारून सांगायचे. मी वहीत झाडाचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहायचो आणि त्यांचं बोलणं लिहायचो नाही.

२००६च्या हिवाळ्यात पहिली खेप झाली. साल सावलीत वाळवली, दळली, मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळली आणि तो अर्क थेट सी-एटीनच्या मशीनला दिला. नवव्या मिनिटाच्या पुढेमागे कॅम्टोथेसिनचा उंच, देखणा पीक आला. त्या रात्री मी झोपलो नाही. तुम्हाला वाटेल रेषेवरच्या एका टेकाडाला काय बघायचं, पण पंपाची टिकटिक ऐकत, सपाट चाललेली रेषा बघत बसायचं आणि ठरल्या वेळी ती अचानक उचलायला लागते, तेव्हा छातीतही काहीतरी उचलतं. दोन-अडीचशे नमुने टोचून झाल्यावरही ते पूर्ण जात नाही.

अडचण एकच. अर्क गढूळ होता. चार दिवसांत कॉलमचं प्रेशर वाढलं, पुढचा छोटा गार्ड कॉलम काळा पडला. कॉलम विभागात एकच. पंचवीस सेंटिमीटर लांब, आत पाच मायक्रॉनचे कण, सगळे मिळून तीनेक ग्रॅम. पण त्या कणांच्या आतली भोकं धरून हिशोब केला तर पृष्ठभाग आठ-नऊ गुंठे भरतो. आठ-नऊ गुंठे जमीन तुम्ही सालीच्या चिखलानं लिंपून ठेवली, तर सर ओरडणारच. ओरडले. अर्क साफ करून आण म्हणाले.

मी पुस्तक काढलं. कॅम्टोथेसिन अल्कलॉइड आहे. अल्कलॉइड साफ करायची रीत सगळ्यांना पाठ असते: अमोनिया घालून अल्कधर्मी करा, क्लोरोफॉर्मनं ओढून घ्या, पाण्याचा थर टाकून द्या. दुसऱ्या खेपेची साल मी या रीतीनं केली. अर्क सुंदर निघाला, चहासारखा स्वच्छ. मशीनला दिला. नवव्या मिनिटाला पीक आला, पण मूळच्या चौथाई. पुन्हा टोचला, तेवढाच. शुद्ध द्रव्याचं स्टँडर्ड टोचलं, ते चोख. म्हणजे मशीन बरोबर, कॉलम बरोबर. उरली साल.

मी आबांकडे निरोप धाडला की या वेळच्या सालीत पीक फार कमी येतंय, कोवळी झाडं दिली वाटतं. निरोप नेणाऱ्या पोरानं परत येऊन सांगितलं, आबा विचारतायत, झाडाला कसलं पीक? आमच्याकडे पीक म्हणजे भात. मी हसलो आणि सगळ्यांना हा विनोद सांगत सुटलो. तिसऱ्या खेपेला मी आबांना बोलावलं नाही. दुसऱ्या एकाला घेऊन गेलो. विभागाकडून रोजंदारी मिळायची, ती त्याला मिळाली.

तिसऱ्या खेपेचं तेच झालं. चौथाई.

उलगडा झाला तो आळसामुळे. अमोनियाचा पाण्याचा थर मी त्या दिवशी टाकून द्यायचा कंटाळा केला, बाटली तशीच युव्हीच्या पेटीजवळ राहिली. संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी टीएलसीची प्लेट बघायला दिवा लावला आणि माझी बाटली पेटली. तेजस्वी निळी, लांबून दिसेल अशी. क्लोरोफॉर्मचा थर शेजारीच होता, तो त्यापुढे फिका.

झालं होतं ते असं. कॅम्टोथेसिनच्या रेणूत एका टोकाला लॅक्टोनचं कडं असतं. अल्कधर्मी पाण्यात ते कडं उघडतं आणि रेणूवर ऋण भार येतो. मग त्याला पाणी नकोसं वाटत नाही, पाण्यालाही तो नकोसा वाटत नाही. क्लोरोफॉर्मनं कितीही ओढा, तो पाण्यात मजेत बसून राहतो. मी जो थर मोरीत ओतत होतो, त्यातच तीन हिस्से माल होता. नावाला अल्कलॉइड, पण अल्कलॉइडची ठरलेली रीत त्याला चालत नाही. तो पाण्याचा थर थेट टोचून पाहिला. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच, सगळी निरुपयोगी द्रव्यं बाहेर पडतात त्या घाईगर्दीत, एक जाड पीक बाहेर पडला. कॉलमनं त्याला क्षणभरही आडोसा दिला नव्हता. मग पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, थांबलो, कडं पुन्हा मिटू दिलं, क्लोरोफॉर्मनं ओढलं. नवव्या मिनिटाला रेषा उचलली ती उचलतच गेली.

स्टँडर्ड मी मिथेनॉलमध्ये करून थेट टोचत होतो. तेच स्टँडर्ड एकदा अमोनियाच्या वाटेनं नेऊन पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. नंतर नोकरीत नव्या पोरांना मी हे अक्षरशः ओरडून सांगायचो: नमुना ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं स्टँडर्ड आणा, नाहीतर तुमचं स्टँडर्ड म्हणजे गाडीतून आलेला पाहुणा, त्याला वाटेतल्या चिखलाचं काय माहीत. पोरं हसायची. का ओरडतोय ते त्यांना सांगितलं नव्हतं.

प्रबंधात सगळं नीट लिहिलं. आम्लाची पायरी, निळा उजेड, दोन्ही पीक. साल कोवळी होती असं मी एका म्हाताऱ्याला कळवलं होतं, ते लिहायला प्रबंधात रकाना नसतो. आबांकडे मी गेलो नाही. परीक्षा होती, मग नोकरी लागली.

नोकरी गोव्यात, औषधाच्या एका कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. खानापूर तालुक्यातली निम्मी तरणी पोरं घाट उतरून गोव्यात आहेत, त्यात माझी भर. तिथं एका रांगेत अकरा मशीन, तिन्ही पाळ्या चालू. प्रत्येक कॉलमला नंबर, प्रत्येकाची वही: कधी आला, कुठलं औषध, किती इंजेक्शन, किती प्रेशर. कॉलमची कुंडलीच. कॉलम काही विसरत नाही, हे तिथं कळलं. तीन महिन्यांपूर्वी कुणी काय घातलं ते एखाद्या भलत्या वेळी भुतासारखं रेषेवर उगवतं. पहिल्याच वर्षी मी फॉस्फेट बफरवर चाललेल्या कॉलममधून पाण्यानं न धुता थेट ॲसिटोनायट्राइल सोडलं. मीठ आतच बसलं, प्रेशर चढत गेलं, पंप बंद पडला. त्या कॉलमच्या वहीत शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे.

२००८च्या शेवटी ॲसिटोनायट्राइलचा जगभर दुष्काळ पडला. ते मुद्दाम कुणी फारसं बनवत नाही. ॲक्रिलिक धागा आणि प्लास्टिकसाठी लागणारं ॲक्रिलोनायट्राइल बनवताना ते जोडउत्पादन म्हणून निघतं. मंदीनं मोटारींची आणि प्लास्टिकची मागणी बसली, कारखाने थंडावले आणि त्यामुळे आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. अर्धा-अर्धा लिटर मोजून मिळायचं. ज्या पद्धतींना मुभा होती त्या मिथेनॉलवर आणायचं काम माझ्याकडे आलं. मिथेनॉल आणि पाणी समसमान मिसळलं की मिश्रण घट्टसर होतं, प्रेशर दीडपट-दुप्पट चढतं. पीकांची रांगही बदलते, पुढचा मागे, मागचा पुढे. शिवाय २०५ नॅनोमीटरखाली मिथेनॉल स्वतःच उजेड गिळतं, तिथं बघायची द्रव्यं दिसेनाशी होतात. सहा महिने हेच केलं. आयुष्यात कुठल्या कामात मी खरा शिकलो असं विचाराल तर हे सहा महिने. एरवी पाळीत माणूस फक्त बटणं दाबतो.

आणखी एक गोष्ट तिथं वारंवार घडायची. पीक मनासारखा आला नाही की पहिला संशय दुसऱ्यावर. आकडा मर्यादेबाहेर गेला की वरून फोन, नमुना कुणी काढला, कच्चा माल कुणाचा. रात्रपाळीला एकदा एक सीनियर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बेसलाइन जरा हातानं ओढ, बसेल. ओढली नाही. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. त्या क्षणी मला गवळीवाड्याकडे जाणारं ते निरोप्या पोर दिसलं, एवढंच.

नोटाबंदीनंतर सगळ्यांच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आला. २०१७च्या पावसात गावी आलो, खिशात तसला टॉर्च घेऊन. आबांकडे गेलो. नजर अधू झालेली, बाकी तेच. ओसरीत घोंगडीवर बसलेले, समोर चंची. काय बोलायचं ते घाटात जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, आबा, तुमची साल चांगली होती. चूक माझी होती.

"कसली साल?"

सांगितलं. त्यांना आठवेना. मग आठवलं. "व्हय, पीक कमी आलं म्हणत होतास." एवढंच. रागावले होते की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बोलून काही होत नाही असं वाटून मी नातवाला नरक्याची एक वाळकी ढलपी आणायला लावली, ती परड्यात पडलेली असतेच. स्टीलच्या ग्लासात उजळलेलं पाणी नीट दिसणार नाही, म्हणून काचेचा मागितला. साल खरवडून पाण्यात टाकली, आबांच्या चंचीतला नखभर चुना घेऊन त्यात कालवला. चुना अमोनियाचं काम करतो. थोडा वेळ गेला. बाहेर अंधारून आलं होतंच. टॉर्च लावला. पाणी निळं पेटलं. त्यातलं सगळं कॅम्टोथेसिनच असेल असं मी शपथेवर सांगणार नाही, सालीत निळं चमकणारं आणखीही असू शकतं, त्यासाठी कॉलमच हवा. पण ओसरीत तेवढं पुरे होतं. मी म्हटलं, हे मी मोरीत ओतत होतो, आणि दोष तुम्हाला दिला.

आबांनी ग्लास जवळ ओढला, अधू डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ह्ये विषारी हाय न्हवं?"

"हो."

"मग उकिरड्यावर टाकू नको. म्हशी तोंड घालतात. लांब वगळीपल्याड जाऊन खड्डा काढ आणि त्यात वत." ग्लास माझ्याकडे सरकवला. "आणि तो गिलास परत आणू नको. तिथंच फोड."

पाऊस लागला होता. नातवानं इरलं दिलं. मी ग्लास झाकून घेऊन निघालो.